मस्टरात नाव नसलेल्यांचा इतिहास



आपल्या सभांत शेतमजुरांवर ठराव होतो, बेकारीवर होतो, राखीव जागांवर तर दर सभेत होतो. रोजंदारीवर वेगळा ठराव झाल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. वस्तीतली दहा कमावती माणसं एका रांगेत उभी करा आणि विचारा, कायम कोण? किती हात वर होतील ते तुम्हांला ठाऊक आहे. बाकीचे कुणी नाक्यावर, कुणी कंत्राटावर, कुणी बदलीवर, कुणी 'मानधना'वर. नावं वेगवेगळी, पण जगणं एकच. आज काम आहे, उद्याचं उद्या. हे असं का झालं, कुणी केलं आणि आपल्याच वाट्याला जास्त का आलं, याचा हिशेब या लेखात मांडतो आहे. मी काही शिकलेला इतिहासकार नाही. सूतगिरणीत रिंगवर उभा राहणारा माणूस आहे. पण हा हिशेब आमच्याच अंगावर लिहिलेला आहे, म्हणून वाचता येतो.

आधी एक गैरसमज बाजूला करू. पुष्कळांना वाटतं, पगार दिवसावर मोजला की रोजंदारी आणि महिन्यावर मोजला की नोकरी. तसं नाही. मुंबईच्या गिरणीतला साचेवाला विणलेल्या कापडाच्या मापावर पैसे घ्यायचा. महिन्याचा ठरलेला पगार त्याला नव्हता. तरी तो कायम असला तर त्याचा साचा ठरलेला, तिकीट नंबर ठरलेला, आणि सकाळी भोंगा झाला की त्याच्या साच्यावर दुसरा कुणी हक्क सांगू शकत नव्हता. उलट महिन्याच्या महिन्याला बँकेत पैसे जमा होणारा आजचा कंत्राटी पोरगा हा खरा रोजंदार आहे. ठेकेदारानं उद्या 'येऊ नको' म्हटलं की संपलं.

तेव्हा फरक मोजण्याच्या मापात नाही. चार प्रश्न विचारून बघा. उद्या काम मिळणार हे कुणी लिहून दिलंय का? माल आला नाही, वीज गेली, मशीन बंद पडलं, तर त्या रिकाम्या दिवसाचा भार कुणावर? आजारी पडलो, बोट कापलं, बाई बाळंत झाली तर पैसे कोण देणार? आणि काढायचं ठरलं तर कारण, नोटीस, भरपाई यातलं काय द्यावं लागतं? कायम कामगाराच्या बाबतीत या चारही प्रश्नांचं थोडंफार उत्तर मालकाला द्यावं लागतं. रोजंदाराच्या बाबतीत चारही प्रश्न त्याच्याच डोक्यावर बसतात. मालक दिवस विकत घेतो आणि माणसाची जबाबदारी टाळतो. सगळी भानगड एवढीच आहे.

आता मागं जाऊ. गावात आपले आजे-पणजे रोजंदार नव्हते. ते कायम होते! महारकी वतन होती, बापाकडून पोराकडं येणारी. १८७४ च्या वतन कायद्यानं इंग्रज सरकारनंही ती बांधून दिली. काम कोणतं, तर पडेल ते. सांगावा पोचवा, सरकारी पाहुण्याची व्यवस्था करा, मेलेलं ढोर ओढा. वेळ कोणती, तर कोणतीही. मोबदला म्हणजे जमिनीचा तुकडा आणि गावाच्या मर्जीचं बलुतं. काम चुकवता येत नव्हतं आणि मजुरी मागता येत नव्हती. म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात या वतनाविरुद्ध विधेयक आणलं. ती वतनं कायद्यानं रद्द व्हायला १९५८ साल उजाडावं लागलं.

म्हणजे गावानं आपल्याला कायमचं कामाला ठेवलं, पण मजुरी दिली नाही. मग आपण शहराकडं निघालो. शहरानं मजुरी दिली, पण कायम केलं नाही. या दोन वाक्यांच्या मध्ये आपला शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे.

मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी पहिली कापड गिरणी १८५४ साली स्थापन केली. ती ताडदेवला १८५६ साली चालू झाली. पुढं परळ, लालबाग, भायखळा, वरळी भागात चिमण्यांचं रान उभं राहिलं. कोकणातून, घाटावरून माणसं आली. मालक कामगाराला ओळखत नव्हता. त्याची गाठ पडायची मुकादमाशी, म्हणजे जॉबरशी. कामाला लावणारा तो, काढणारा तो, शिकवणारा तो, खाडा मांडणारा तो, अन् अनेकदा कर्ज देणारा किंवा खोली देणाराही तोच. कामाला लावायची दस्तुरी घ्यायची पद्धत होती. तो माणसं आणायचा कुठून? आपल्या गावची, आपल्या भावकीतली, आपल्या जातीची.

या व्यवस्थेत बदली कामगार जन्माला आला. कायम कामगार आजारी पडायचा, गावी जायचा, खाडा करायचा. त्याच्या मशीनवर उभं राहायला कुणीतरी पाहिजे. म्हणून रोज सकाळी गिरणीच्या दरवाजापाशी माणसं उभी राहायची. मुकादम बाहेर यायचा, बोट दाखवायचा, तू ये, तू ये. बाकीचे घरी. घरी गेलेल्यांना त्या सकाळचा एक पैसा नाही. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं राहिलंच पाहिजे, नाहीतर मुकादम ओळख विसरतो. बघा, ही दरवाजावरची गर्दी मालकाला दोन्हीकडून उपयोगी होती. मशीन रिकामं राहत नव्हतं, आणि आत काम करणाऱ्या कायम माणसालाही बाहेरची रांग रोज दिसत होती. जास्त बोललास तर बाहेर माणसं आहेत, हे त्याला तोंडानं सांगायची गरज पडत नव्हती.

आता यात जात कुठं आली? दरवाजातच आली. बोट दाखवणारा मुकादम आपल्या जातीचा नसेल तर आपल्या माणसाचा नंबर शेवटचा. आणि एका खात्यात तर नंबरच नव्हता. साचाखातं, म्हणजे विणकाम. कामगारांत पगार चांगला तिथंच. तिथं अस्पृश्याला प्रवेश बंद. कारण काय दिलं? धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावा लागायचा. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही, असं बाकीच्या कामगारांचं म्हणणं. मग आपली माणसं रिंगवर, सूतखात्यात, कमी पैशाच्या कामावर. गिरणीचा भोंगा सगळ्यांना एकच होता, पण दरवाजाच्या आत पुन्हा गावकूस होतं.

१९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत सहा महिने संप चालला. एका माणसाला जास्त साचे देऊन माणसं कमी करायची योजना मालकांनी आणली होती, त्याविरुद्ध तो होता. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना सरळ विचारलं की तुमच्या मागण्यांच्या यादीत आमच्या माणसाला साचाखात्यात घ्या ही मागणी आहे का? पुढाऱ्यांनी ती नाखुशीनं घेतली. मालकांनी सांगून टाकलं की हा अन्याय असेल तर तो काही आम्ही केलेला नाही. खरं तर दोघंही त्या अन्यायावर जगत होते. मालकाला स्वस्त माणूस मिळत होता, आणि वरच्या जातीच्या कामगाराला चांगल्या खात्यात स्पर्धा कमी होत होती.

पुढं १२-१३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. तिथं बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत असं सांगितलं. ते वाक्य आपण भाषणात हजारदा वापरतो. पण त्याच भाषणातला तपशील कुणी सांगत नाही. रेल्वेत आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. त्याला साधा पोर्टर करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरातलं काम करावं लागतं आणि मास्तरला विटाळ होतो. गिरणीत साचाखातं बंद. म्हणजे दोन शत्रू हे हवेतलं तत्त्व नव्हतं. खात्याखात्यातून, हुद्द्याहुद्द्यातून त्यांनी ते मोजून दाखवलं होतं. आपणही तसंच मोजलं पाहिजे.

रोजंदारीला लगाम घालायचा पहिला प्रयत्न कसा झाला तेही बघा. १९२९ साली नेमलेल्या शाही कामगार आयोगानं १९३१ च्या अहवालात मुकादमाच्या हातातली भरती काढून घ्या असं सांगितलं. मुंबईच्या गिरणी मालक संघानं १९३५ साली बदली नियंत्रण पद्धत आणली. ठराविक माणसांना बदलीचं कार्ड द्यायचं, त्यांनी रोज सकाळी हजर राहायचं, आणि रिकामी जागा आधी त्यांच्यातून भरायची. मुकादमाचं बोट थोडं आखडलं. पण रिकाम्या दिवसाचा भार कार्डवाल्याच्याच डोक्यावर राहिला. कार्ड मिळालं, कामाची हमी मिळाली नाही.

बाबासाहेब जुलै १९४२ ते जून १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातला पगारी रजेचा कायदा १९४५ चा. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा १९४६ ची. किमान वेतनाचं विधेयक त्यांनी एप्रिल १९४६ मध्ये मांडलं, ते १९४८ साली कायदा झालं. १९४६ सालीच स्थायी आदेशांचा कायदा झाला. मालकानं नोकरीच्या अटी लिहून काढाव्यात, त्या मंजूर करून घ्याव्यात आणि कामगाराला दिसतील अशा लावाव्यात, हा त्याचा गाभा. आपल्याला हे साधं वाटतं. पण ज्या माणसाचं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या तोंडी हुकमावर गेलं, त्याच्यासाठी लिहिलेली अट ही केवढी गोष्ट आहे!

पण याच कायद्याच्या नमुना नियमांत कामगारांचे वर्ग लिहिले गेले. कायम, उमेदवारीवरचा, बदली, तात्पुरता, नैमित्तिक, शिकाऊ. गिरणीच्या दरवाजावरची उतरंड कागदावर आली. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली दुरुस्ती झाली. काम नसल्यामुळं घरी बसवलं तर मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मे पैसे द्यायचे, असं ठरलं. कुणाला? ज्याचं मस्टरात नाव आहे आणि वर्षभराची सलग नोकरी आहे त्याला. बदली आणि नैमित्तिक कामगार वगळून. वर्ष सलग भरलं तर मात्र बदलीलाही बदली म्हणता येणार नाही, अशी पुस्ती तिथं होती. आणि वर्ष भरलं कधी म्हणायचं? बारा महिन्यांत २४० दिवस काम झालं की.

हा २४० चा आकडा लक्षात ठेवा. पगारी रजेला १९४८ च्या कारखाने कायद्यात तोच आकडा. काढताना एक महिन्याची नोटीस आणि वर्षाला पंधरा दिवसांची भरपाई, त्यालाही तोच. बाळंतपणाच्या १९६१ च्या कायद्यात १६० दिवस होते, १९८८ च्या दुरुस्तीनं ते ८० झाले. म्हणजे हक्क सगळे दिवसांच्या मोजणीवर टांगलेले. आणि मोजणीची वही मालकाच्या कपाटात! मग काय झालं असेल ते सांगायला नको. २०० च्या पुढं दिवस गेले की ब्रेक. पंधरा दिवस घरी बस, मग नव्या नावानं, नव्या कार्डावर ये. एकाच मशीनवर दहा वर्षं उभा राहिलेला माणूस कागदावर कधीच एक वर्ष भरत नाही.

ही लबाडी महाराष्ट्राच्या कायद्यानंच कबूल केलेली आहे. १९७१ चा कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित प्रथांना प्रतिबंध करणारा कायदा काढून बघा. कायम कामगाराचा दर्जा आणि फायदे मिळू नयेत या हेतूनं माणसाला वर्षानुवर्षं बदली, नैमित्तिक किंवा तात्पुरता ठेवणं ही अनुचित प्रथा आहे, असं त्यात परिशिष्टात लिहिलं. कायद्याला हे लिहावं लागलं, कारण ते सर्रास चालत होतं.

कुणी म्हणेल, काही कामं असतातच अशी, आज आहेत उद्या नाहीत. तिथं मालक तरी काय करणार? याचं उत्तर मुंबईच्या गोदीनं दिलंय. जहाज आलं तर काम, नाही आलं तर नाही. टोळीवाला सांगेल त्यालाच काम. मग १९४८ चा गोदी कामगार कायदा आला आणि १९५१ साली मुंबईत योजना लागू झाली. कामगारांची नोंदणी झाली, मंडळ बसलं, पाळीपाळीनं काम वाटलं जाऊ लागलं, आणि हजर राहूनही काम नसलं तर हजेरीचे पैसे मिळू लागले. जहाजं पहिल्यासारखीच बेभरवशाची राहिली. फक्त रिकाम्या दिवसाचा भार एकट्या कामगाराच्या पाठीवरून उतरून धंद्यावर गेला. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. हमालाचे पैसे मंडळात जमा, वर मालकाकडून लेव्ही, त्यातून फंड आणि रजा. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून ते उभं राहिलं. काम रोजचं असून माणूस रोजंदार राहिला नाही. म्हणजे काम बेभरवशाचं आहे म्हणून माणूस बेभरवशाचा ठेवतात, हे खोटं. भार कुणी उचलायचा ते लढाईवर ठरतं.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या साठावर गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगारवाढीची मागणी सगळ्यांना आठवते. बदली कामगारांना कायम करा, हीही त्यातली मागणी होती. संप रीतसर कधी मागं घेतलाच नाही, तो विरला. हजारो माणसं पुन्हा आत गेलीच नाहीत. कापड भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर गेलं, जिथं वाराप्रमाणं पैसे मिळतात आणि पुष्कळ शेडमध्ये मस्टर शोधूनही सापडत नाही. धोटा तोंडानं ओढायचा विटाळ तोवर मागं पडला होता, साचा आपल्यालाही मिळाला. पण तो साचा आता कायम नव्हता. ज्या खात्याचं दार आपल्याला उघडलं, त्या खात्यातली नोकरी दाराबाहेर गेली.

हीच चाल सरकारी कामात झाली, आणि तिथं आपलं नुकसान दुप्पट आहे. राखीव जागा पदाला असते. बिंदुनामावली मंजूर पदांची असते. पद भरायचंच नाही, ते काम एजन्सीला द्यायचं, तर बिंदुनामावली कपाटात जशीच्या तशी राहते आणि आपला पोरगा तेच काम तिसऱ्या हिश्शाच्या पैशात करतो. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं नऊ खाजगी संस्थांमार्फत बाह्यस्रोतातून माणसं घ्यायचा निर्णय काढला. रस्त्यावर विरोध झाला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तो रद्द करावा लागला. पण एक कागद रद्द झाला म्हणून पद्धत रद्द होत नाही.

झाडू मात्र आपल्याकडंच राहिला. मुंबई महापालिकेचा कचरा उचलणारे कंत्राटी कामगार, बहुतेक आपलेच लोक, कचरा वाहतूक श्रमिक संघात एकत्र आले. तुम्ही आमचे कामगारच नाही, ठेकेदाराचे आहात, असं पालिकेचं म्हणणं. वर्षानुवर्षं ते लढले, आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं २,७०० कामगारांना कायम करायचा निकाल उचलून धरला. झाडू तोच, कचरा तोच, रस्ता तोच. बदललं ते मस्टर.

न्यायालयाचा भरवसा मात्र एकसारखा धरता येत नाही. १० एप्रिल २००६ च्या उमादेवी निकालानं सांगितलं की रीतसर भरतीशिवाय लागलेल्या रोजंदाराला नुसती वर्षं भरली म्हणून कायम होण्याचा हक्क नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्याच न्यायालयानं पंजाबच्या खटल्यात सांगितलं की काम सारखं तर तात्पुरत्यालाही पगार सारखा. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय जल आयोगात अनेक वर्षं सफाई आणि बागकाम केलेल्यांना कायम करा असा हुकूम दिला, आणि उमादेवी निकालाची ढाल करू नका असंही बजावलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्रानं चार श्रमसंहिता लागू केल्या. जुने पुष्कळ कायदे त्यांत विरघळले. नेमणुकीचं पत्र सगळ्यांना द्यायचं हे त्यातलं चांगलं. मुदतीच्या नोकरीवरच्याला एका वर्षानं ग्रॅच्युइटी हेही. पण मुदतीची नोकरी आता राजरोस झाली आणि कामगारकपातीसाठी सरकारची परवानगी घ्यायची अट १०० वरून ३०० कामगारांवर गेली. दरवाजावरची रांग कायद्यानं मोडलेली नाही. तिला फक्त तारीख घालून दिलीय.

आमच्या गिरणीत आज दोन मस्टर आहेत. एक कंपनीचं, एक ठेकेदाराचं. रिंगफ्रेम एकच, तुटलेला धागा जोडणारे हात सारखेच. कंपनीच्या मस्टरातली आडनावं आणि ठेकेदाराच्या मस्टरातली आडनावं एकदा शेजारी ठेवून वाचा. अजून पुराव्याची गरज पडणार नाही.

तेव्हा तुम्ही कार्यकर्त्यांनी काय करायचं? पुतळ्याला हार घालून झाल्यावर वस्तीतल्या प्रत्येक घरात एक शाळेची वही द्या. रोज कामावर गेलेल्यानं तारीख, पाळी, कुणाच्या हाताखाली काम केलं आणि किती पैसे मिळाले ते लिहायचं. लिहिता येत नसेल तर त्याच्या पोरानं लिहायचं. नेमणूकपत्र मागा, गेटपास जपून ठेवा, फंडाचा नंबर विचारा, बँकेची नोंद काढून ठेवा. कोर्टात ठेकेदार सांगतो, हा माणूस आमच्याकडं कधी नव्हताच. तिथं आपल्याकडं भाषण नव्हे, वही पाहिजे. दुसरं, कायम कामगाराला शत्रू समजू नका. त्याला जे मिळालंय ते संप करून, उपाशी राहून मिळालंय. पण त्याच्या युनियनच्या सभेत उभं राहून १९२८ सालचाच प्रश्न पुन्हा विचारा, तुमच्या मागण्यांच्या यादीत आमचं नाव कुठं आहे?

पुढच्या अंकापर्यंत निदान वीस वह्या सुरू झाल्या पाहिजेत. कुठल्या वस्तीत किती झाल्या ते कळवा, आपण छापू.

जय भीम.